माशांची कीड आणि साखळीतली कच्ची कडी

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडच्या पाड्यांवर आता बऱ्याच कुटुंबांकडे शेततळे आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. त्यानंतर भाताच्या खाचराशेजारी पाणी साठू लागले आणि साठलेल्या पाण्यात रोहू, कटला, मृगळ सोडले जाऊ लागले. पोरांच्या ताटात मासा येतो आणि उरलेला बाजारात जातो. होळीच्या सुमारास हातात येणारे हे पैसे अनेक घरांत स्थलांतर टाळण्याइतके मोलाचे ठरतात.

या तळ्यांबाबत आपल्या कार्यकर्त्यांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. मासे बांधाला, दगडाला, बुडलेल्या काठीला अंग घासतात. खाणे सोडतात आणि पाण्याच्या वर येऊन तोंड उघडझाप करतात. एखादा हातात घेऊन पाहिला तर अंगावर लाल चट्टे दिसतात, खवले गळालेले असतात आणि त्या जागी मसुरीच्या दाण्याएवढे, चपटे, हलणारे काहीतरी चिकटलेले असते. हे काय आहे? आणि यावर काय टाकायचे?

प्रश्नाचे उत्तर वेळेवर मिळाले नाही तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे संशय वाढतो. कुणाची नजर लागली, कुणी रात्री पाण्यात काही टाकले, असे म्हणत शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. दुसरी गोष्ट त्याहून घातक आहे. मिरचीवर किंवा भातावर फवारायचे कीटकनाशक घरात असतेच, तेच अंदाजाने तळ्यात ओतले जाते. त्याच पाण्यावर गुरे येतात, बाया कपडे धुतात, मुले डुंबतात. कीड चार दिवस नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा दिसू लागते. मग पुन्हा औषध, या वेळी जास्त.

कीड परत का येते, याचे उत्तर तिच्या जन्मकथेत आहे. ती कथा डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. म्हणून या अंकात माशांच्या परोपजीवींची ओळख करून घेऊ. परोपजीवी म्हणजे दुसऱ्याच्या शरीरावर किंवा शरीरात राहून त्याच्याच जिवावर जगणारा जीव. तो ज्याच्यावर जगतो त्याला यजमान म्हणतात. प्रत्येक परोपजीवी अंडे, पिल्लू, वाढीच्या पायऱ्या आणि प्रौढ अवस्था अशा साखळीतून जातो. या साखळीत कुठेतरी एक कच्ची कडी असते. ती कडी हेरून तोडली तर पुष्कळदा विषाची गरजच पडत नाही. ती न हेरता नुसते विष ओतले तर विष पाण्यात राहते आणि कीडही राहते.

माशाची ऊ

मसुरीच्या दाण्याएवढी ती कीड म्हणजे आर्ग्युलस, साध्या शब्दांत माशाची ऊ. नाव उवेचे असले तरी हा कीटक नव्हे. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचधारी कुळातला हा जीव आहे. साध्या भिंगातूनही त्याचे दोन काळे डोळे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली पोटाकडची बाजू पाहिली की दोन गोल वाट्या दिसतात. त्या शोषून माशाच्या अंगाला घट्ट चिकटतात. दोन वाट्यांच्या मधोमध सुईसारखा डंख असतो. तो खुपसून ही ऊ माशाचे रक्त आणि त्वचेतला रस घेते. डंखाची जखम उघडी राहते, तिच्यात जंतू शिरतात आणि कापसासारखी बुरशी धरते. मासा बहुधा उवेने मरत नाही, जखम चिघळल्याने मरतो.

आता तिची जन्मकथा पाहू. अंडी घालायची वेळ आली की मादी माशाला सोडून पोहत निघते. दगड, बुडालेली फांदी, बांबू, पाणवनस्पतीचे देठ असे काही टणक सापडले की त्यावर ओळीने अंडी चिकटवते. एका मादीची अंडी शेकडोंच्या घरात जातात. अंड्यावर चिकट, टणक थर असतो आणि औषध त्याच्या आत सहजी पोचत नाही. आपल्याकडच्या कोमट पाण्यात साधारण दोन-तीन आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. त्याआधी अंडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर आत दोन काळे ठिपके दिसतात. ते पिल्लाचे डोळे. नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाला वाट्या नसतात, त्या जागी आकडे असतात. कात टाकत टाकत वाढताना त्या आकड्यांच्या जागी वाट्या तयार होतात. पिल्लाला काही दिवसांत मासा सापडला नाही तर ते उपाशी मरते.

औषध ओतल्यावर कीड पंधरा-वीस दिवसांनी परत का येते, हे आता कळेल. औषधाने माशावरच्या प्रौढ उवा मेल्या, पण दगडावरची अंडी तशीच राहिली. त्यातच सायपरमेथ्रिनसारखी शेतातली औषधे पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांचाही नाश करतात आणि कटला तर त्याच सूक्ष्म प्राण्यांवर वाढतो. म्हणजे औषधाने किडीची पुढची पिढी वाचली आणि माशाचे अन्न मात्र संपले.

उवेची कच्ची कडी तिची अंडी आहेत, कारण ती टणक वस्तूवरच घातली जातात. मग आपणच तळ्यात तशी वस्तू ठेवायची. बांबूच्या चटया, फळ्या किंवा कामट्यांचे ताटवे काठापासून थोडे आत उभे रोवायचे. आठवड्यातून एकदा ते बाहेर काढून दिवसभर कडक उन्हात वाळवायचे आणि पुन्हा ठेवायचे. सुकलेले अंडे मरते. हे काम दोन महिने नेमाने केले तर एकामागून एक पिढी गळत जाते. तळ्यातल्या इतर फांद्या, दगड, गवत काढून टाकले की मादीला अंडी घालायला आपल्या चटईखेरीज फारशी जागा उरत नाही. बांबू पाड्यावर आहेच, आणि तो विणणारे हातही.

नांगर टाकून बसणारी लर्निया

कधी माशाच्या अंगातून दोऱ्याचा तुकडा बाहेर लोंबताना दिसतो. तो एक-दोन सेंटिमीटर लांब असतो आणि त्याच्या टोकाला दोन बारीक पिशव्या असतात. ही लर्निया. तिचे डोके माशाच्या मांसात रुतलेले असते आणि तिथे त्याला नांगरासारखे फाटे फुटलेले असतात. म्हणून तिला नांगरकृमी म्हणतात, पण ती कृमी नाही. विहिरीच्या पाण्यात उड्या मारत पोहणारा जो बारीक ठिपका असतो, त्या सायक्लॉप्सची ही चुलत बहीण.

हे नाते प्रौढ लर्नियाकडे पाहून कुणालाही पटणार नाही. तिची पिल्ले सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की पटते. शेपटाकडच्या पिशव्यांमधून बाहेर पडणारे पिल्लू तीन जोड पायांचे आणि एका डोळ्याचे असते, सायक्लॉप्सच्या पिल्लासारखेच. ते काही दिवस मोकळे पोहते आणि कात टाकते. मग माशाच्या कल्ल्यांवर येऊन आणखी काही पायऱ्या चढते. तिथे नर-मादीचा संयोग होतो आणि नर मरतो. मादी माशाच्या अंगात डोके खुपसते, लांबत जाते आणि पाय जवळजवळ निरुपयोगी होतात. उबदार पाण्यात ही सारी कथा तीन आठवड्यांच्या आसपास पुरी होते.

रुतलेली मादी ओढून काढली तर डोके आतच तुटते आणि जखम चिघळते. तिच्यावर औषधही फारसे चालत नाही. तिची कच्ची कडी म्हणजे मोकळी पोहणारी पिल्ले. त्यांना मासा मिळाला नाही की ती संपतात. त्यामुळे सगळे मासे काढून तळे पूर्ण सुकवणे हाच लर्नियावरचा खात्रीचा उपाय. मासे तळ्यात असताना उपचार करायचाच असेल तर तो मत्स्यव्यवसाय खात्याच्या सल्ल्याने आणि ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा करावा लागतो, कारण प्रत्येक वेळी नवी पिल्ले बाहेर पडलेली असतात.

कल्ल्यांत लपलेले

मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात तेव्हा पहिला संशय पाण्यातल्या हवेच्या कमतरतेचा घ्यावा आणि दुसरा कल्ल्यांचा. निरोगी माशाचे कल्ले लालभडक असतात. ते फिकट, चिकट, कडेला झिजलेले दिसले तर कल्ल्याचा बारीक तुकडा काचेवर ठेवून पाहावा. मिलिमीटरभर किंवा त्याहूनही लहान असे लांबट जीव लवताना, ताणताना दिसतील. हे एकयजमानी कृमी, म्हणजे एकाच माशावर सारे आयुष्य काढणारे.

यांत दोन नमुने नेहमी भेटतात. डॅक्टिलोगायरसच्या डोक्याकडे चार काळे ठिपके असतात, ते त्याचे डोळे. मागच्या टोकाला दोन मोठे आकडे आणि कडेने चौदा बारीक आकडे. हा अंडी घालतो. दुसरा गायरोडॅक्टिलस. याला डोळ्यांचे ठिपके नसतात आणि कडेचे आकडे सोळा असतात. हा अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देतो. याच्या पोटातल्या पिल्लाच्या पोटात आधीच दुसरे पिल्लू वाढत असते आणि त्याच्याही पोटात पुढच्याची सुरुवात झालेली असते. आई, लेक, नात एकाच देहात. एक कृमी थोड्या दिवसांत शेकडो कसे होतात, ते यावरून कळते.

डोळ्यांचे ठिपके पाहणे ही केवळ हौस नव्हे. ठिपके असतील तर अंडी मागे राहणार, म्हणजे एका उपचाराने भागणार नाही. ठिपके नसतील तर अंड्यांचा प्रश्नच नाही. चार काळ्या ठिपक्यांवरून पुढच्या पंधरवड्याचे काम ठरते.

पांढरे ठिपके आणि पांढऱ्या गाठी

थंडीत माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. हा इक्थिऑफ्थिरियस नावाचा एकपेशीय जीव. सूक्ष्मदर्शकाखाली तो सावकाश फिरताना दिसतो आणि त्याच्या पोटात घोड्याच्या नालासारखे केंद्रक असते. त्वचेच्या खाली असेपर्यंत त्याला औषध लागत नाही. पोट भरले की तो माशातून बाहेर पडतो, तळाशी कोष करून बसतो आणि आतल्या आत दुभंगत राहतो. एकाचे दोन, दोनाचे चार. एका कोषातून शेकडो पिल्ले सुटतात, कधी हजाराच्याही वर. त्या पिल्लांपाशी दिवस-दोन दिवसांचेच आयुष्य असते. तेवढ्यात मासा मिळाला नाही की खेळ संपला. कच्ची कडी इथे आहे आणि गर्दीच्या तळ्यात ती पक्की होते, कारण मासा सापडायला वेळच लागत नाही.

कल्ल्यांवर किंवा परांवर पांढऱ्या गाठी असतील तर त्या बहुधा मिक्झोबोलसच्या. गाठ फोडून थेंबभर पाण्यात पाहिली तर हजारो बीजाणू दिसतात. प्रत्येक बीजाणू मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा, दोन शिंपल्यांच्या डबीसारखा. आत दोन कुप्या आणि प्रत्येक कुपीत गुंडाळलेला धागा. ही धाग्याची कुपी जेलीफिशच्या डंखाची आठवण करून देते आणि ते नाते खरेच आहे. हा परोपजीवी जेलीफिशच्या दूरच्या भाऊबंदांपैकी आहे, असे आज मानले जाते.

हा बीजाणू एका माशातून दुसऱ्यात थेट जातो असे दीर्घकाळ समजत होते. १९८४ साली केन वुल्फ आणि मारिया मार्किव्ह या अमेरिकन संशोधकांनी ट्राउट माशाच्या अशाच एका परोपजीवीबाबत वेगळेच सिद्ध केले. बीजाणू आधी चिखलातल्या ट्युबिफेक्स या तांबूस गांडूळवर्गी किड्यात शिरतो. तिथे त्याचे रूप इतके बदलते की शास्त्रज्ञ त्याला तोवर वेगळाच प्राणी समजत होते. तीन लांब हातांचे ते रूप पाण्यात तरंगते आणि माशाला चिकटते. शेतकऱ्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. वर्षानुवर्षे न काढलेला कुजका गाळ म्हणजे अशा किड्यांचे आणि म्हणून अशा गाठींचे घर.

गोगलगाय, मासा, बगळा

काही परोपजीवींना एक यजमान पुरत नाही. मासा चिरताना मांसात मोहरीएवढ्या किंवा थोड्या मोठ्या पिवळट गाठी सापडतात. त्यात अनेकदा क्लिनोस्टोमम नावाच्या चपट्या कृमीचे पिल्लू कोषात झोपलेले असते. तो प्रौढ होतो बगळ्याच्या घशात. तिथून अंडी पाण्यात पडतात, अंड्यातले पिल्लू गोगलगाईत शिरते आणि तिच्या शरीरात एकाचे अनेक होऊन शेपटीची पिल्ले बाहेर पडतात. ती माशाच्या त्वचेतून आत जातात आणि कोष करून बगळ्याची वाट पाहतात. याच मोठ्या कुळातल्या, गुरांच्या रक्तात राहणाऱ्या कृमींची पिल्ले भाताच्या खाचरात गोगलगाईतून सुटतात. लावणीच्या वेळी पायांना सुटणारी खाज काही वेळा त्यांच्यामुळे असते.

पट्टकृमींची साखळी वेगळी. मराठवाड्यातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी गोदावरी खोऱ्यातल्या माशांच्या आतड्यांतले पट्टकृमी वर्षानुवर्षे तपासले आहेत. वाम माशात सापडणारा सेंगा हा त्यांतला नेहमीचा. अशा पट्टकृमींच्या वर्गात अंड्यातले पिल्लू बहुधा सायक्लॉप्ससारखा बारीक जीव गिळतो आणि तो जीव माशाच्या पोटात गेला की कृमीला घर मिळते. वामचे आतडे काढून टाकले की हा कृमीही जातो. तो माणसाला होत नाही.

माणसाला होणारा एक मात्र ध्यानात ठेवावा. मणिपूर, नागालँड, अरुणाचल प्रदेश या राज्यांत डोंगरओढ्यांतल्या खेकड्यांमधून फुप्फुसाचा चपटा कृमी माणसात येतो. त्याची साखळी गोगलगाय, खेकडा, माणूस अशी आहे. खेकडा कच्चा किंवा अर्धवट भाजून खाल्ला की पिल्लू आतड्यातून निघून फुप्फुसात जाते. मग खोकला आणि थुंकीत रक्त. लक्षणे क्षयासारखी असल्याने अनेकांना क्षयाची औषधे दिली गेली आणि उपयोग झाला नाही. थुंकी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिली तर कृमीची अंडी दिसतात आणि योग्य औषधाने रोग बरा होतो. आपल्या पाड्यांवर, आरेच्या ओढ्यांपासून जव्हारच्या डोंगरांपर्यंत, पहिल्या पावसात खेकडे आणि चढणीचे मासे पकडण्याचा आनंद पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तो सोडायचे कारण नाही. निखाऱ्यावर टाकलेला खेकडा आतपर्यंत शिजू द्यायचा, आणि कच्चा खेकडा ठेचलेला पाटा-वरवंटा धुतल्याशिवाय दुसऱ्या कामाला घ्यायचा नाही, एवढे पुरे.

मग मासा खायचा की नाही?

खायचा. वर सांगितलेली ऊ, लर्निया, कल्ल्यांतले कृमी, पांढरे ठिपके, मिक्झोबोलस यांतले काहीही माणसाला होत नाही. ते माशाच्या अंगासाठीच घडलेले आहेत. गोड्या आणि खाऱ्या पाण्यातल्या काही माशांमधले गोल आणि चपटे कृमी माणसाला त्रास देऊ शकतात, पण फक्त मासा कच्चा किंवा अर्धकच्चा असेल तर. मांसाच्या आतपर्यंत साधारण ६३ अंश सेल्सिअस उष्णता पोचली की ते मरतात, आणि उकळत्या कालवणात त्याहून कितीतरी जास्त उष्णता असते. आपल्या घरची रस्सा करून, तळून किंवा पूर्ण भाजून खाण्याची रीत शास्त्रालाही मान्य असलेली आहे.

जो मासा मेलेला सापडला, ज्याच्या जखमा चिघळल्या आहेत किंवा ज्या तळ्यात कीटकनाशक पडले आहे, तो मासा मात्र खाऊ नये आणि विकूही नये. शिजवण्याने कृमी मरतो, कीटकनाशक निघून जात नाही.

साखळी तुटते, हे आपण पाहिले आहे

इतक्या बारीक जीवांची साखळी सामान्य माणूस कशी तोडणार, असे वाटेल. आपल्याच राज्याने ते करून दाखवले आहे. नारू आठवणारी माणसे अजून गावोगावी आहेत. पायाला फोड येई आणि त्यातून पांढरा दोऱ्यासारखा कृमी बाहेर निघे, कधी हातभर, कधी त्याहून लांब. तो काडीला गुंडाळत अनेक दिवस थोडा थोडा ओढावा लागे, आणि ऐन शेतीच्या हंगामात माणूस अंथरुणाला खिळे.

नारूची जन्मकथाही सूक्ष्मदर्शकानेच उलगडली. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की कृमी पाण्यात हजारो पिल्ले सोडी. ती पिल्ले सायक्लॉप्स गिळे, म्हणजे लर्नियाची तीच चुलत बहीण. सायक्लॉप्ससकट पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. या रोगावर लस नव्हती आणि कृमी मारणारे औषधही नव्हते. पण साखळी माहीत होती. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रोगग्रस्त राज्यांत महाराष्ट्रही होता. पाणी दुहेरी कपड्याने गाळा, रोग्याला पाण्यात उतरू देऊ नका, पायऱ्यांची विहीर बंद करून रहाट बसवा, हातपंप द्या, अशी ती कामे होती. सायक्लॉप्स मारणारे औषध होते, पण तेही मोजून आणि प्रशिक्षित माणसाच्या हातून. देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. ज्या रोगाला औषध नव्हते तो मुख्यतः कापडाच्या गाळणीने आणि विहिरीच्या बांधकामाने संपला.

तळ्यावर करायच्या गोष्टी

सुरुवात बियाण्यापासून करावी. बहुतेक कीड आपल्या तळ्यात विकतच्या बोटुकलीबरोबर येते. पिशवी सोडण्याआधी दहा-वीस बोटुकली ताटलीत घेऊन भिंगाने पाहावी. तळ्यात सोडताना १० लिटर पाण्यात २०० ते ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात थोडी थोडी बोटुकली मिनिट-दोन मिनिटे धरावी. ती बेचैन झाली, कलंडू लागली की लगेच स्वच्छ पाण्यात. आधी पाच-दहांवर करून पाहावे, मग सगळ्यांवर.

दाटी करू नये. गुंठ्याला ५० ते १०० बोटुकली पुरे. जास्त सोडली तर मासे खुरटतात आणि प्रत्येक परोपजीवीला यजमान लगेच सापडतो.

उन्हाळ्यात पाणी आटले की तळ पूर्ण सुकू द्यावा, मातीला भेगा पडू द्याव्यात, काळा गाळ काढून शेतात टाकावा. मग गुंठ्याला साधारण अडीच किलो चुना मारावा. जमीन आंबट असेल तर प्रमाण बदलते, ते विचारून घ्यावे. शेततळ्यात प्लास्टिकचा कागद असेल तर तो घासून, धुऊन, उन्हात तापवावा. अंडी, कोष, गाळातले किडे आणि गोगलगाई या सगळ्यांवर ऊन आणि चुना हा एकच उपाय लागू पडतो.

जाळे एका तळ्यातून थेट दुसऱ्या तळ्यात नेऊ नये. आधी उन्हात खडखडीत वाळवावे. उवेची अंडी आणि लर्नियाची पिल्ले ओल्या जाळ्यातून प्रवास करतात. एका पाड्यातल्या सर्व तळेवाल्यांनी मिळून हा नियम पाळला तरच त्याचा उपयोग आहे.

आणि बाटली उघडण्याआधी काच पाहावी. आश्रमशाळेच्या प्रयोगशाळेत साधा सूक्ष्मदर्शक असतो. शंभर पट मोठे दाखवणारे भिंग या कामाला पुरते. नसेल तर फोल्डस्कोप आहे. मनू प्रकाश यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत तयार झालेला, कागदाची घडी घालून बनणारा हा सूक्ष्मदर्शक १४० पट मोठे दाखवतो आणि भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने तो देशभरातल्या शाळांपर्यंत नेण्यास हातभार लावला आहे. मासा ताजा हवा, कारण मासा मेला की ऊ त्याला सोडून जाते आणि कल्ल्यांतले कृमी मरून ओळखेनासे होतात. सुरीच्या बोथट बाजूने डोक्याकडून शेपटाकडे हलकेच खरवडून चिकटा घ्यावा, कल्ल्याच्या टोकाचा कण घ्यावा, तळ्याच्याच पाण्याचा थेंब टाकावा आणि वर पातळ काच ठेवावी. नळाचे पाणी घेऊ नये, त्यातल्या क्लोरिनने जीव मरतात. जे दिसेल त्याचे चित्र मुलांनी वहीत काढावे. डोळ्यांचे ठिपके किती, आकडे कुठे, धागा कुठे. वारली चित्रांच्या हातांना हे अवघड नाही.

ते चित्र किंवा मोबाइलवर काढलेले छायाचित्र घेऊन जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात गेले की बोलणे नेमके होते. आपल्या गोरेगावहून जवळच, वर्सोव्याला, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. १९६१ साली स्थापन झालेल्या आणि १९८९ पासून अभिमत विद्यापीठ असलेल्या या संस्थेत माशांचे आरोग्य हा शिकवण्याचा आणि संशोधनाचा विषय आहे. मुंबईतल्या आपल्या हितचिंतकांपैकी ज्यांना पाड्यांसाठी काही करावेसे वाटते, त्यांनी एखाद्या आश्रमशाळेला चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक किंवा डझनभर काचपट्ट्या दिल्या, किंवा मत्स्यशास्त्र शिकलेल्या कुणी वर्षातून दोन रविवार तळ्यांवर काढले, तर ती मदत औषधाच्या खोक्यापेक्षा जास्त काळ टिकेल.

तळ्यातली कीड कुणाच्या नजरेने येत नाही. ती बोटुकलीबरोबर येते, ओल्या जाळ्यातून येते, कुजलेल्या गाळात वाढते. हे एकदा काचेवर पाहिले की शेजाऱ्यावरचा संशय जातो आणि कीटकनाशकाची बाटली शेताच्या कोपऱ्यातच राहते. यंदा बोटुकली सोडण्याआधी प्रत्येक तळेवाल्या कुटुंबाने बांबूचे दोन ताटवे विणून ठेवावेत आणि मिठाचा पुडा हाताशी ठेवावा.